साडीवरून घालायचा कोट

निरोप एका ओळीचा होता: "कोट बायकांना छातीत घट्ट होतात, एक साइज मोठी करून द्या." निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसची ऑर्डर. द्राक्षं निवडणाऱ्या, पनेट म्हणजे प्लॅस्टिकचे छोटे डबे भरणाऱ्या बायकांसाठी निळे कोट. आधीच्या वर्षीचे कोट दुसऱ्या कुणी शिवले होते, त्यातले दोन नमुने सोबत आले होते. फेब्रुवारीची गर्दी सुरू होण्याआधी नवा माल हवा होता.

मी नाशिकच्या अंबडला एका गारमेंट युनिटमध्ये टेक पॅक बनवते. कपडा कापायला जाण्याआधी त्याचं सगळं कागदावर आणायचं: पुढून-मागून चित्र, कापडाचं वजन, कुठली शिलाई कुठल्या मशीनवर, इंचाला टाके किती, बटण-दोरा-लेबलची यादी, आणि मापांचा तक्ता. कटिंग मास्तरपासून तपासणीच्या टेबलापर्यंत सगळे त्या कागदाप्रमाणे चालतात. ज्याला कपडा घालायचा ते माणूस कारखान्यात कधीच येत नाही. त्याच्या बाजूने जे काही बोलायचं ते त्या कागदानेच.

निरोपाप्रमाणे करायचं तर दहा मिनिटांचं काम होतं. ऑर्डर सांभाळणारा आमचा मर्चंडायझरही तेच म्हणत होता. पण मास्तरांनी जुना कोट टेबलावर सपाट पसरला, काखेखाली 1 इंचावर टेप लावली आणि माझ्याकडे बघितलं. एल साइजला छाती 44 इंच. "मॅडम, हा छातीत घट्ट व्हायचं कारणच नाही." मग मी पॅकहाऊसला जायची परवानगी मागितली.

निफाडची जानेवारीतली सकाळ म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. आजूबाजूच्या गावांतून पिकअपमधून बायका उतरल्या तेव्हा प्रत्येकीच्या अंगात ब्लाउजवर स्वेटर, त्यावरून पदर, पदरावरून कानाला स्कार्फ. आत हॉलही गारच. क्रेटमधून घड उचलायचा, टोकदार कात्रीने डागी आणि बारीक मणी छाटायचे, घड पनेटमध्ये बसवायचा. हात क्षणभर थांबत नव्हते. आणि निम्म्याहून जास्त जणींची कोटाची खालची दोन बटणं उघडी. सुपरवायझर फिरता फिरता म्हणत होता, "बटणं लावा, बटणं लावा." बायका लावत होत्या, क्रेट उचलायला वाकल्या की ती पुन्हा निघत होती.

मी एका मावशींजवळ उभी राहिले. अंगाने अगदी बारीक, एस साइजचा कोट. "छातीत आवळतो का हो?" विचारलं. त्यांनी कात्री ठेवली आणि हात बेंबीखाली, निऱ्या खोचतात तिथे नेला. "छातीत कुठं? इथं आवळतो. बसलं की उघडतो." शेजारच्या दोघींनीही तेच सांगितलं. बायकांनी फक्त घट्ट होतो म्हटलं होतं. छाती मधल्या कुणीतरी जोडली.

जेवणाच्या सुट्टीत एका खोलीचं दार लावून मी मापं घेतली, ज्यांना चालेल त्यांचीच. बेंबीखाली एकाच उंचीवर दोन मापं: एक टेप घट्ट ओढून, निऱ्या दाबून, दुसरं टेप नुसती टेकवून, निऱ्या जशा आहेत तशा. या दोन मापांतला फरक म्हणजे साडीची जागा. लिहीत गेले तसं दिसायला लागलं की हा फरक सगळ्यांत सारखा नाही, आणि माझ्या अंदाजाच्या उलटा आहे. अंगाने भरलेल्या बायकांत तो अडीच इंचांच्या आसपास, बारीक बायकांत चार इंचांपर्यंत. थोडा विचार केल्यावर कारण अगदी साधं निघालं. सहावारी साडी सगळ्यांची तेवढीच लांब. बारीक बाईच्या कमरेभोवती कापड कमी लागतं, उरलेलं सगळं पुढे निऱ्यांत जातं. म्हणून त्यांचा पुढचा गठ्ठा मोठा.

आता जुन्या कोटाचा तक्ता बघा. तो सरळ पुरुषांच्या शर्टाच्या पॅटर्नवरून उचललेला होता. छातीला आणि घेराला तेवढंच माप, आणि एस ते एक्सएल दोन्हीकडे 2 इंचांची पायरी, म्हणजे दर साइजला तेवढी वाढ. म्हणजे ज्या साइजला साडीसाठी सर्वांत जास्त जागा लागते तिथेच सर्वांत कमी घेर. एक साइज मोठी देऊनही हे सुटलं नसतं. खांदा दंडावर उतरला असता, बाही बोटांवर आली असती आणि कात्रीच्या तोंडाशी लोंबली असती. मला त्या निरोपाचा राग आला तो इथे. घालणारीला एक शब्द नीट विचारला असता तर मागच्या हंगामातही या बायकांना दिवसभर बटणांवरून ऐकून घ्यावं लागलं नसतं.

काही आज्या नऊवारीतल्या होत्या. त्यांचा प्रश्न वेगळाच. काष्ट्याचा फुगवटा मागे, त्यामुळे कोट मागून वर चढायचा आणि पुढून गळ्याला ओढ बसायची.

आणखी एक गोष्ट टेबलावर कधीच कळली नसती. मावशींनी दोन्ही हात पुढे करून क्रेट उचलला आणि मधलं टिच बटण टक् करून सुटलं. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या जागी दोऱ्याने शिवलेलं बटण चालत नाही, कारण तुटून मालात पडलं तर पंचाईत. म्हणून टिच बटणं. पण टिच बटण ओढ लागली की सुटतं, आणि ओढ पाठीतून येत होती. हात खाली असताना आणि हात पुढे असताना पाठीची रुंदी मोजली, स्वेटरसकट. पावणेदोन इंच वाढली.

मग नवा कागद लिहिला. घेराची वेगळी ओळ: "खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून 20 इंच खाली, कोट बंद करून, सपाट, कडेपासून कडेपर्यंत." मोजायचं कुठे ते लिहिलं नाही तर तपासणीवाला त्याच्या मनाने कुठेही टेप लावतो. छातीची पायरी 2 इंच ठेवली, घेराची दीड, आणि एसचा घेर मुळातच वाढवला. मागे खांद्याच्या पट्टीखाली दोन प्लीट, हात पुढे गेले की उघडणाऱ्या. मागच्या मधोमध उघडी चीर, नऊवारीसाठी. मनगटाला रिब, म्हणजे ताणली जाणारी विणलेली पट्टी, त्यामुळे बाही ग्लोव्हमध्ये राहील. कडेच्या शिलाया सेफ्टी स्टिचच्या, म्हणजे ओव्हरलॉक आणि साखळी टाका एकदम घालणाऱ्या मशीनवर, कारण हे कोट रोज लाँड्रीत जाणार. कापडाचा 50 सेंमीचा चौकोन आखून धुतला तर लांबीत 48.5 भरला, म्हणजे 3 टक्के आटलं. तयार कोट 38 इंच हवा तर पॅटर्न 39 च्या पुढेच कापावा लागतो, तेही लिहिलं. शेवटची ओळ मी ठळक केली: "फिट तपासणी साडी नेसलेल्या आणि स्वेटर घातलेल्या व्यक्तीवर. फक्त डमीवर मंजुरी नाही."

मर्चंडायझरने कन्झम्प्शन, म्हणजे एका कोटाला लागणारं कापड, बघून कपाळाला हात लावला. खाली घेरदार झालेले भाग मार्करवर, म्हणजे कापडावर भाग मांडायच्या आराखड्यात, जास्त कापड खात होते. त्याचंही चूक नव्हतं, दर आधीच ठरला होता. मार्ग मास्तरांनी काढला. एकरंगी कापड, ना छपाई ना लव, त्यामुळे भाग उलटसुलट लावता येतात. एकाचा रुंद घेर दुसऱ्याच्या अरुंद खांद्याशेजारी बसवला आणि वाढ बरीचशी खाली आली. उरलेली मालकांनी सोसली.

नमुना आला तेव्हा मी तो घेऊन पुन्हा पॅकहाऊसला गेले. मावशींनी सगळी बटणं लावली, क्रेट उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. स्टुलावर बसल्या. एकही बटण सुटलं नाही. "आता ओरडायला जागा नाही त्याला," सुपरवायझरकडे बघून म्हणाल्या, आणि कात्री उचलून कामाला लागल्या.

एक मागणी राहिली. बायकांनी किल्ली आणि चार पैसे ठेवायला खिसा मागितला होता. कमरेच्या वर बाहेरून खिसा नियमात बसत नाही, म्हणून मी आतून, कमरेखाली दाखवला. पॅकहाऊसने तोही खोडला, कपाट देतो म्हणाले. ते कपाट हॉलच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि सुट्टीत तिथे रांग लागते, हे मी मेलमध्ये लिहिलं. उत्तर आलं नाही. हंगाम संपला की लाँड्रीतून गेलेले काही कोट परत मागवलेत, घेर किती आटला आणि टिच बटणं कुठे सैल झाली ते मोजायला. त्यावरून पुढच्या वर्षीची आवृत्ती निघेल, आणि तिच्यात खिसा मी पुन्हा दाखवणार आहे.