रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

रविवार, रात्री पावणेदहा. सदाशिव पेठ.

पुण्यात येऊन आज मला सात आठवडे झाले. दर रविवारी रात्री आठच्या सुमारास घरून फोन येतो आणि आई विचारते, "आज काय केलंस गं?" मागचे सहा रविवार मी "अभ्यास" एवढेच उत्तर दिले. त्यांपैकी दोन रविवारी ते खरे होते. उरलेल्या चार रविवारी मी कुठे गेले होते आणि घरी सांगताना नेमके तेवढेच का गाळले, हे आज लिहून काढायचे ठरवले आहे. आज दुपारी पाताळेश्वराच्या लेण्याच्या ओसरीत पाऊस पाहत बसले असताना मला लाज वाटली ती या लपवालपवीची, फिरण्याची नव्हे.

अंबाजोगाईला आमच्या घरी मोकळा वेळ म्हणून काही वेगळा ठेवलेला नसतो. अण्णांचे मोंढ्याजवळ शिवणकामाचे दुकान आहे आणि ते आठवड्याचे सातही दिवस उघडे असते. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी रात्री बारापर्यंत मशीन चालते. मार्गशीर्षात योगेश्वरीची यात्रा असते तेव्हा वर्षातून एकदा, तेही दुपारनंतर, दुकानाला कुलूप लागते. काज-बटण आणि हातशिलाई आई घरी बसून करते. आमच्याकडे बसलेले माणूस एक तर आजारी असते, नाही तर पाहुणे असते. अशा घरातून कॉट बेसिसचे, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका कॉटचे भाडे, मेस, बसचा पास आणि विद्यापीठाची फी यांचा पै-पैचा हिशेब मांडून मला भूविज्ञानाच्या एम. एस्सी.साठी इथे पाठवले आहे. त्या हिशेबात रविवारची दुपार कुठे मांडायची, हे कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

इथला रविवार मेसच्या वेळापत्रकाने ठरतो. दुपारी फीस्ट असते, म्हणजे मसालेभात, पुरी आणि एखादा गोड पदार्थ, आणि त्यासाठी जिन्यापर्यंत रांग लागते; संध्याकाळी मेस बंद. पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणारी सगळी मुले-मुली त्यामुळे संध्याकाळी आपोआप रस्त्यावर येतात. आमच्या खोलीत चार कॉट आहेत. दोघी स्पर्धा परीक्षेची तयारी करतात आणि सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरतात. त्यांच्यातली मोठी ताई तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार आहे. पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितले, की रविवारी संध्याकाळी ती पुस्तक उघडत नाही आणि हे तिच्या घरच्यांनाही ठाऊक आहे. तिच्यावर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त भार आहे, तरी ते सांगताना तिचा आवाज जराही खाली आला नाही. मला त्याचे फार नवल वाटले होते.

पहिल्या वेळी मी खायला म्हणून बाहेर पडले आणि माणसांच्या मागोमाग लकडी पुलावर गेले. खडकवासला धरणातून पाणी सोडले होते, भिडे पूल पाण्याखाली गेला होता आणि लोक छत्र्या धरून, भाजलेली कणसे खात मुठेचे पाणी पाहत उभे होते. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी १२ जुलै १९६१ चा दिवस सांगितला. पानशेत धरण फुटले तेव्हा ते शाळेत होते, आणि नारायण पेठेतले त्यांचे घर त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिले ते गाळाने भरलेले. मी तासभर तिथे नुसती उभी होते. आमच्या भागात पाणी पाहायला जायचे तर धरणात ते उरले आहे का, हे पाहायला जातात. नदी भरून वाहते आहे आणि लोक ती आनंदाने पाहत आहेत, हे दृश्य मला नवीन होते. रात्री आईला मी "अभ्यास" म्हटले ते बहुधा केवळ घाईत. पुढच्या वेळी घाई हे कारण नव्हते.

पुढच्या वेळी मी वेताळ टेकडीवर गेले. पुणे शहरातला हा सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. लॉ कॉलेजच्या बाजूने सकाळी चढायला लागले तेव्हा धुके होते आणि मोर ओरडत होते. वर एक जुनी दगडाची खाण आहे, पावसाळ्यात ती पाण्याने भरते. तिच्या कापलेल्या कातळाजवळ गेले की आमच्या अभ्यासक्रमाचे पहिले प्रकरण समोर उभे राहते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला, आणि त्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर चढून दख्खनचे पठार झाले. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी बेसॉल्टमध्ये ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे पाण्याबरोबर आलेल्या द्रव्यांचे स्फटिक वाढले. त्यांतल्या एका गटाला झिओलाइट म्हणतात, आणि पुण्याच्या आसपासच्या खाणी त्यांच्यासाठी जगभर ओळखल्या जातात. वाघोलीच्या खाणीत मिळालेले कॅव्हनसाइट हे निळे खनिज तर फारच थोड्या ठिकाणी सापडते.

उतरतानाच मी रात्रीचे वाक्य तयार केले होते: दगड पाहायला गेले होते, विषयाचाच भाग आहे. वाक्य खोटे नव्हते. परंतु मी भिंग पहिल्या दहा मिनिटांतच खिशात टाकले होते आणि पुढचे दोन तास धुक्यातून वाट फुटेल तिकडे चालत होते, हेही खरे होते. दगडाच्या आडून आनंद सांगणे मला नकोसे वाटले, आणि आनंद तसाच सांगायचा धीर नव्हता. म्हणून पुन्हा "अभ्यास".

तिसऱ्या वेळी शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. दिनकर गंगाधर केळकर यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. तो व्यवसाय सांभाळून ते गावोगाव हिंडले आणि लोकांच्या घरांतल्या, वापरातून गेलेल्या वस्तू त्यांनी जमवल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हे संग्रहालय आहे. संग्रह सुमारे २०,००० वस्तूंचा आहे. मी सर्वांत जास्त वेळ अडकित्त्यांसमोर उभी राहिले. सुपारी कातरण्यापलीकडे ज्याला काम नाही, त्याला कुणी मोराचा आकार दिला आहे, कुणी घोड्याचा, कुणी माणसाचा. हे कुणी मागितले होते, असे मनात आले, आणि एकदम अण्णांच्या पिशव्या आठवल्या. रात्री दुकान बंद केल्यावर अण्णा कातरणीतले तुकडे रंगांप्रमाणे लावतात आणि त्यांच्या पिशव्या शिवतात. त्यांवर चौकटी असतात, कधी कमळ असते, एकदा बैलजोडी होती. त्या कुणी मागत नाही, ते विकतही नाहीत, आल्या-गेल्याला देतात. मी आजवर त्याला कामच समजत होते, कारण ते मशीनवर बसूनच होते. माझी पुस्तके आजही त्यांतल्याच एका पिशवीत असतात.

चौथ्या वेळी भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका पाहिल्या. ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. "अरे, आव्वाज कुणाचा" या आरोळीत मी तिसऱ्या एकांकिकेपर्यंत सामील झाले होते, आणि घरी फोनवर बोलताना घसा बसला होता. आईला वाटले सर्दी झाली. तिने सुंठ घ्यायला सांगितली आणि मी "हो" म्हटले. त्या "हो"चा सल आठवडाभर गेला नाही.

आज जंगली महाराज रस्त्यावरून चालले होते. पाऊस जोरात आला म्हणून पाताळेश्वराच्या आवारात शिरले. आठव्या शतकातले हे लेणे रस्त्याच्या पातळीच्या खाली, एकसंध कातळात कोरलेले आहे. समोर गोल नंदीमंडप, त्याचे छत आणि खांबही त्याच कातळातले. कोरणे अर्धवट राहिले आहे आणि ते पाहताना छिन्नी कुठे थांबली हे कळते. पाणी मंडपाच्या कडेवरून चारी बाजूंनी गळत होते. मला आमच्या हत्तीखान्याची आठवण झाली. अंबाजोगाईच्या त्या लेण्यांतही अंगणात नंदीचा मंडप आहे, शिवाय दगडी हत्ती आहेत, आणि कातळही हाच. घरापासून ते इतके जवळ असून शाळेच्या सहलीनंतर मी तिथे गेलेली नाही. अण्णा कधी गेले असतील, याचा तर मी विचारही केला नव्हता.

तिथे बसूनच वहीच्या मागच्या पानावर पुढच्या महिन्यांचे काही ठरवले. सोमवार ते शनिवार आणि रविवारची सकाळ अभ्यासाची. दुपारनंतरचा रविवार माझा, आणि त्यासाठी महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा. पाऊस ओसरला की स्वारगेटहून पीएमपीच्या बसने सिंहगडाच्या पायथ्याशी जायचे आणि चालत चढायचे, वर देवटाक्याचे पाणी, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही. त्या दिवशी भिंग खोलीवर ठेवायचे. आकाश मोकळे झाले की टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी करायची. १९४४ पासून हौशी मंडळी तिथे आकाशदर्शन करत आली आहेत. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके पाहायची, पण महिन्याला एकच घ्यायचे. डिसेंबरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव भारतीय बैठकीत बसून एक दिवस तरी ऐकायचा आहे, आणि त्याच सुमारास घरी मार्गशीर्षातली यात्रा असते. दोन्ही साधले नाही तर मी यात्रेला जाईन. अण्णांच्या वर्षातली ती एकच मोकळी दुपार असते.

आठ वाजता फोन आला. आईने नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी सांगितले, की आज पाताळेश्वरात पाऊस पाहत दीड तास बसले होते. मग मागचे चारही रविवार सांगितले, सुंठ घेतली नव्हती हेही. आई थोडा वेळ गप्प होती. नंतर तिने विचारले, "एकटीच गेलतीस का?" आणि पुढच्या वेळी खोलीतल्या कुणाला तरी सोबत ने, असे बजावले. तेवढ्यात अण्णांनी फोन घेतला. त्यांना फक्त नंदीबद्दल विचारायचे होते. आपल्या हत्तीखान्यातल्यापेक्षा मोठा आहे का? मी म्हटले, मला आपला नीट आठवतच नाही. ते म्हणाले, "मलाबी नाही. तुझ्या जन्माच्या आधी गेलतो."

दिवाळीच्या सुटीत एका दुपारी आपण दोघे जाऊ, असे मी सुचवले. दिवाळीत गिऱ्हाईक असते, ते जमणार नाही, असे ते म्हणाले. मागे मशीनचा आवाज थांबलेला होता. मग थोड्या वेळाने म्हणाले, "भाऊबीज झाल्यावर बघू. दुपारचं दुकान आईकडं देता येईल."