कोलोनचा मनोरा आणि चर्मपत्रावरचा नकाशा

जर्मनीतल्या कोलोन स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की कॅथीड्रल अंगावरच येतं. मान कितीही मागे टाकली तरी 157 मीटरचे दोन मनोरे एका नजरेत मावत नाहीत. आत जायला पैसे लागले नाहीत, दक्षिण मनोरा चढायला मात्र तिकीट काढावं लागलं.

लिफ्ट नाही. 533 पायऱ्या, अरुंद गोल दगडी जिना, आणि चढणारे-उतरणारे एकाच वाटेवर. समोरून कोणी आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. गुडघे दुखत असतील तर इथे हट्ट करू नये. पाण्याची बाटली जवळ हवीच.

अर्ध्याहून थोडं वर घंटाघर लागतं. तिथे 1923 साली ओतलेली, 24 टन वजनाची सेंट पीटरची घंटा टांगलेली आहे. गावकरी तिला लाडानं ‘डिकर पिटर’, म्हणजे जाडा पीटर, म्हणतात. दम खायला मी तिथे थांबलो आणि बराच वेळ रेंगाळलो. कारण मध्ययुगातल्या गवंड्यांचं काम साधारण याच उंचीवर थांबलं होतं. 1248 मध्ये पाया घातलेलं हे बांधकाम सोळाव्या शतकात बंद पडलं. अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी क्रेन 1868 पर्यंत गावाच्या डोक्यावर तशीच उभी होती. म्हणजे किती पिढ्या ती क्रेन बघतच जन्मल्या आणि गेल्या!

मनोऱ्याचा वरचा भाग एकोणिसाव्या शतकातला. शेवटी लोखंडी जिना, मग साधारण शंभर मीटरवरचा सज्जा. खाली ऱ्हाइन नदी, पुलावरून सरकणाऱ्या गाड्या. पण मला खरी ओढ होती डोक्यावरच्या जाळीदार दगडी शिखराची. त्यातून आभाळ आरपार दिसतं.

उतरल्यावर पाय लटपटत होते, तरी गाभाऱ्यामागच्या प्रदक्षिणामार्गावर गेलो. तिथल्या एका छोट्या प्रार्थनागृहात दर्शनी भागाचा मूळ नकाशा आहे, चर्मपत्रावर काढलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा. तो हरवला होता. एक अर्धा तुकडा 1814 साली डार्मस्टाटला सापडला, दुसरा 1816 मध्ये पॅरिसला. 1842 मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि 1880 मध्ये मनोरे पुरे झाले ते याच रेषांवरून. ज्यानं ते शिखर कागदावरही नाही, कातड्यावर आखलं, त्याला ते कधी दिसलंच नाही. तिथून पुढे आलेल्या प्रत्येक कारागिरानं स्वतःची हौस बाजूला ठेवून त्याचाच हात पुढे चालवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जाणार असाल तर प्रार्थनेच्या वेळा आधी पाहून जा. त्या वेळी पर्यटकांना आत फिरता येत नाही.