जमीन लांब गेली

परवा कपाटाखाली गेलेलं गोळ्यांचं पाकीट काढायला खाली बसलो. बसणं जमलं. उठताना मात्र एक हात कपाटाला, दुसरा गुडघ्यावर आणि तोंडातून आपसूक "आई गं!" स्वयंपाकघरात आई भेंडी चिरत होती. तिला वाटलं, हाक मारली. विळी मिटून ती दारात येऊन उभी. "काय रे?" मी अजून अर्धाच उठलो होतो.

मी अठ्ठावन्न, ती एक्क्याऐंशी.

मग तिचं उठणं मुद्दाम पाहिलं. आधी ती जरा कुशीवर कलते, एक तळहात फरशीवर टेकते, पाऊल रोवते, "पांडुरंगा" म्हणते, की उभी. घाई नाही, पण अडखळणंही नाही. हे ती दिवसातून वीसदा तरी करते. आम्ही आणलेलं डायनिंग टेबल तिने वर्तमानपत्रं ठेवायला दिलंय.

आमच्या घरातली प्रत्येक वस्तू एकेक करून वर गेली. स्टोव्ह ओट्यावर चढला, अंथरूण पलंगावर, ताट टेबलावर. देव भिंतीवर गेले, केरसुणीच्या जागी लांब दांड्याचा मॉप आला, आणि संडासातलं उकिडवं बसणंही संपलं. सगळी सोय झाली. जमिनीशी काही कामच उरलं नाही.

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झडू लागतात, आणि वापरले नाहीत तर जास्तच. १९८९ मध्ये अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी याला 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ साधारण 'मांसाची ददात'. पण मला सुखावून गेला तो १९९० चा बॉस्टनमधला प्रयोग. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. नऊ जण शेवटपर्यंत टिकले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी तर काठी सोडली. नव्वदीत! मी अठ्ठावन्नाव्या वर्षी लिफ्टची वाट बघत उभा असतो.

अर्थात सगळ्यांचं सारखं नसतं. मावशीचे दोन्ही गुडघे बदललेत, डॉक्टरांनी मांडी घालायची नाही म्हणून बजावलंय. ती खुर्चीत बसून मजेत वाती वळते. तिला कोणी पाटाचा आग्रह करू नये.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी काढलेली एक परीक्षा आहे: आधार न घेता जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा, जे टेकाल त्याचा प्रत्येकी एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. काल रात्री हॉलमध्ये करून पाहिली. बसताना एक हात टेकला, उठताना दोन्ही हात आणि एक गुडघा. सहा गुण. शाळेत गणितात एवढेच पडायचे.

आई दारात उभी राहून बघत होती. तिला नियम समजावून सांगितले.

"आणि 'आई गं' म्हटल्याचे किती कापतात?"

"त्याचे नाही कापत."

"मग ठीक आहे."

पुन्हा प्रयत्न करायला मी खाली बसलो. या वेळी हात टेकला नाही. उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिने समोर लसणाची परडी आणून ठेवली.

"बसलाच आहेस, तर एवढा सोलून दे."