सेक्रेटरी कोण होणार?

सप्टेंबर लागला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लोक जिन्यात मला टाळायला लागतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि सभेत कमिटीतल्या रिकाम्या जागांचा विषय निघतोच. कमिटी पाच वर्षांची असली तरी मधेच कुणी मुलाकडे अमेरिकेला जातं, कुणाचे गुडघे दुखायला लागतात. चोवीस फ्लॅट, आणि सेक्रेटरी मीच.

परवा भाचीशी बोलत होते. ती जर्मनीत श्टुटगार्टला भाड्याच्या घरात राहते. म्हणाली, "आत्या, ठेवते. या आठवड्यात जिना माझा आहे." तिकडे केर्वोखे नावाची जुनी पद्धत आहे. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा, मग पाटी शेजारच्या दारावर. मी हसले. नारायण पेठेतल्या वाड्यात आमची नऊ बिऱ्हाडं हेच करायची, फक्त पाटी नव्हती. मालकीणबाईंचा आवाज पुरायचा.

मग वाचत बसले. जपानमध्ये गल्लीगल्लीत चोनाइकाइ असते, म्हणजे रहिवाशांची संघटना. तिच्यात दहा-वीस घरांचा एक गट, आणि गटाचा प्रमुख, हान्चो, बहुतेक ठिकाणी दरवर्षी बदलतो. निवडून वगैरे येत नाही, पाळी आली की व्हायचं. वर्गणी गोळा करायची, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून त्यावर घातलेली जाळी नीट आहे का बघायचं, भूकंपाच्या सरावाला लोक आणायचे. सूचनांचा कागद एका फळीला लावून घरोघर फिरतो. वाचलं की शिक्का किंवा सही करायची आणि पुढच्या घरी द्यायचा. (आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निळ्या खुणा चोवीस, उत्तरं दोन.)

इंडोनेशियातल्या जावा बेटावर तर रात्रीची गस्तसुद्धा पाळीने. तीस-चाळीस घरांची एक आरटी, म्हणजे शेजारगट. तिची गस्तीची चौकी, तिथे इशारा द्यायला वाजवायचा लाकडी ठोकळा टांगलेला. काही गावांत प्रत्येक घराबाहेर एका डब्यात मूठभर तांदूळ ठेवतात. गस्तवाले जाता जाता तो गोळा करतात आणि त्यातून वस्तीचा फंड उभा राहतो. कल्पना मला फारच आवडली. आपल्याकडे मेंटेनन्ससाठी तीन-तीन स्मरणपत्रं जातात.

पण ही सगळी गंमत साधीसरळ नाही. जपानच्या सरकारने १९४० मध्ये या संघटनांना युद्धाच्या कामाला जुंपलं. रेशन शेजारगटांतूनच मिळायचं आणि कोण काय बोलतं यावर नजरही तिथूनच राहायची. म्हणून युद्धानंतर, १९४७ मध्ये, अमेरिकी ताब्याच्या काळात त्यांवर बंदी आली. बंदी उठल्यावर त्या परत उभ्या राहिल्या. जावातली आरटीसुद्धा जपानी अमलातच, १९४४ मध्ये बसवलेल्या शेजारगटांतून आली. २००५ मध्ये तर जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा संघटनेतून रहिवासी कधीही बाहेर पडू शकतो. म्हणजे तिकडेही लोक कंटाळतात. वाड्यात तरी काय होतं? कुणाकडे पाहुणे किती दिवस राहिले, हे चौकात ठरायचं. ते मला परत नको आहे.

तरीही पाळी आपल्याला जमत नाही, हे मी मानणार नाही. आमच्याच गणपतीत आरतीची पाळी प्रत्येक फ्लॅटला नेमून दिलेली असते. यादी नोटीस बोर्डावर लागते आणि ज्याला जमणार नसेल तो स्वतःहून अदलाबदल करतो. प्रसादाला तर चढाओढ! मग लिफ्टवाल्याला फोन करणं, टँकरच्या पावत्या जपणं, वॉचमनच्या रजेत बदली शोधणं, एवढ्यालाच कमिटी का लागते? आपण पैसे टाकले की आपला शेजारधर्म संपला, असं आम्हा फ्लॅटवाल्यांना वाटतं, आणि बिल्डरनेही तेच विकलेलं असतं.

सेक्रेटरीचं पद कायद्याने दर महिन्याला फिरवता येणार नाही. सह्या मीच करीन. पण ही बारीक कामं महिन्याला दोन फ्लॅट, अशी वाटायची. बारा महिने, चोवीस फ्लॅट, हिशोब चोख बसतो. सभेच्या विषयपत्रिकेवर पाचवा विषय म्हणून घातलंय.

पहिला प्रतिसाद तिसऱ्या मजल्यावरून आला : "आम्हाला मे द्या, आम्ही तेव्हा गावाला असतो." मी त्यांचं नाव जूनसमोर लिहून ठेवलंय. गच्ची तेव्हाच गळायला लागते.