समुद्रात उतरू देतात का?

क्रूझ ठरवायला आमच्याकडे येणाऱ्यांचं बोलणं बहुधा केबिनपासून सुरू होतं. बाल्कनी आहे का, जेवण आपलं मिळेल का, संध्याकाळचा शो किती वाजता. त्या शनिवारी आलेल्या काका-काकूंचं तर सगळं ठरलेलंच होतं. अमेरिकेतल्या मुलाने लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून भूमध्य समुद्रातली सात रात्रींची सफर निवडली होती. जहाज पाच हजारांहून जास्त प्रवाशांचं. मी फक्त डिपॉझिट घ्यायचं होतं.

पण पैसे घेण्याआधी मी प्रत्येकाला एक विचारतेच, रविवारी सकाळी काय करता?

"कात्रजचा जुना घाट," काका लगेच म्हणाले. "सायकलवर. खेड शिवापूरला चहा घेऊन परत." काकू टिळक तलावावर रोज पोहायच्या. माहेर मालवणचं. चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धेत भाग घेतलेला. हे सांगताना त्यांचा आवाज एकदम बदलला, आणि मग त्यांनीच विचारलं, "या जहाजावरून समुद्रात उतरू देतात का हो?"

नाही देत. मी दोघांसमोर सफरीचा कार्यक्रम उघडला. रोमचा दिवस म्हणजे चिवितावेक्किया बंदर, तिथून रोम साधारण सत्तर किलोमीटर; जाऊन-येऊन दिवसाचा मोठा तुकडा बसमध्ये. डेकवरचे पूल गर्दीचे, चार हात मारले की भिंत. एका संध्याकाळी सूट आणि साडी. ज्यांना निवांत बसायचंय त्यांच्यासाठी ही जहाजं उत्तम, आणि मी ती मनापासून सुचवते. या दोघांना मात्र तिसऱ्या दिवशी अंग आखडल्यासारखं झालं असतं.

मग मी क्रोएशियाचा नकाशा काढला. स्प्लिट आणि दुब्रोव्निकच्या मधल्या बेटांतून लहान मोटरबोटी फिरतात, तीसेक प्रवाशांच्या, पुष्कळशा लाकडी. सायकली बोटीवरच असतात. सकाळी एका बंदरात उतरायचं, गाइडबरोबर तीस-चाळीस किलोमीटर चालवायची. तोवर बोट बेटाला वळसा घालून दुसऱ्या बंदरात येते. मध्येच एखाद्या खाडीत इंजिन बंद करतात आणि मागच्या शिडीने लोक पाण्यात उतरतात. रात्री बोट धक्क्याला. कपडे म्हणाल तर हाफ पँट चालते.

काकांना चढ हवे होते. ब्राच बेटावरचं विदोवा गोरा सुमारे ७८० मीटर, एड्रियाटिक समुद्राच्या बेटांवरचं सर्वांत उंच ठिकाण. त्यांनी ते नाव कागदावर लिहून घेतलं. पण लगेच म्हणाले, "आणि ही? हिचे गुडघे सायकलला साथ देत नाहीत. ही दिवसभर एकटी बसणार का?"

मला ही सफर याचसाठी सुचवायची होती. सायकल सक्तीची नसते. ज्याला चालवायची नाही तो बोटीवरच राहतो, आणि दोघं दुपारी पुढच्या बंदरात भेटतात. म्ल्येत बेटावर तर दोघांचंही एकाच जागी जमतं: राष्ट्रीय उद्यानात खाऱ्या पाण्याची दोन तळी आहेत, काठाने सायकलचा रस्ता, आणि पाण्यात पोहता येतं.

अडचणीही सांगितल्या. केबिन अरुंद, जिने उभे, लिफ्ट नाही. ‘बुरा’ नावाचा तिथला जोरदार वारा सुटला तर कप्तान मार्ग बदलतो, तेव्हा हुज्जत घालायची नाही. काका शाकाहारी, म्हणून आधी कळवावं लागेल. पालक-बटाट्यासारखी ब्लित्वा आणि पास्ता मिळतो, रोज नवं काही मिळेलच असं नाही. काकूंना मासळीची चिंताच नव्हती.

महिन्यावरून मात्र मी हट्ट धरला. मुलाला मे हवा होता. मे महिन्यात पाणी थंड असतं, आणि काकूंचा अर्धा आनंद तिथेच गेला असता. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी. सप्टेंबरमध्ये उन्हाळाभर तापलेलं पाणी २३ अंशांच्या आसपास असतं आणि चढावरचं ऊनही जरा उतरलेलं.

मुलाला तिथूनच फोन लावला. त्याला बोट फारच छोटी वाटली. "आई, तिथे करमणुकीला काहीच नाही गं." काकू म्हणाल्या, "अरे, मला समुद्र आहे की." तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला कधी बोलली नाहीस."

१ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, आहे, त्यामुळे व्हिसा शेंगेनचाच. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. ते कागद मी त्याच दिवशी लिहून दिले. काकूंना आणखी दोन गोष्टी सांगितल्या: खडकांवर समुद्री साळिंदरं (काटेरी सी अर्चिन) असतात म्हणून पाण्यातले रबरी बूट, आणि इतर बोटींना दिसावं म्हणून कमरेला बांधायचा भगवा फुगा. काकांनी स्वतःची सीट नेऊन तिथल्या सायकलला लावता येईल का, एवढंच विचारलं. बोटवाल्यांना मेल केला. लावता येते.