आमची वाटचाल : दुकानाच्या पाटीपासून अख्ख्या बाजाराच्या प्लॅनपर्यंत

आमची फर्म छोटीच आहे. इंदूरला रामबागेत एका जुन्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत ऑफिस, मी, माझा नवरा, सर्व्हे करणाऱ्या दोन मुली आणि काम वाढलं की कॉलेजची पोरं. आम्ही जुन्या बाजारांचे प्लॅन करतो. म्हणजे जो बाजार एकेकाळी जोरात चालायचा आणि आता मंदावलाय तिथं ग्राहकी परत कशी येईल, दुकानं कशी टिकतील, रिकाम्या वरच्या मजल्यांचं काय करायचं, माल कधी उतरवायचा, पैसा कोण घालणार, हे सगळं व्यापाऱ्यांसोबत बसून ठरवायचं आणि कागदावर आणायचं. लोक म्हणतात हे काम निगमचं, म्हणजे महापालिकेचं, किंवा दिल्ली-मुंबईच्या मोठ्या कन्सल्टंटचं, पण मला मनापासून वाटतं की त्या बाजारात ज्यांच्या घराची उधारी चालली त्यांनीच हे करावं, कारण कुठलं दुकान कुणाच्या जिवावर चालतं हे बाहेरच्याला दिसतच नाही.

सुरुवात बाबांपासून. बाबा पेंटर, दुकानाच्या पाट्या रंगवायचे, आणि मालवा मिल, पाटनीपुरा, परदेशीपुरा ह्या भागातल्या कितीतरी पाट्या त्यांच्या हातच्या. तेव्हा हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी अशा कापड गिरण्या चालू होत्या आणि पगार झाला की संध्याकाळी ह्या बाजारात पाय ठेवायला जागा नसायची. मग १२ डिसेंबर १९९१ ला हुकुमचंद मिल बंद झाली, बाकीच्यांचीही तीच गत झाली. हुकुमचंदच्या कामगारांचे थकलेले पैसे, सुमारे २२४ कोटी, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर होऊन साधारण ४,८०० कामगारांच्या हिशोबाला लागले, म्हणजे तीस वर्षांवर काळ गेला, आणि त्या मधल्या काळात हा पैसा बाजारात फिरला असता तर किती दुकानं वाचली असती ह्याचा विचार कुणी करत नाही. कामगाराचं नुकसान सगळ्यांना कळतं, पण त्याच्यासोबत किराणावाला, शिंपी, सायकल दुरुस्तीवाला, भांडीवाला सगळे बसले.

बाबांना हे सगळ्यात आधी कळलं, कारण धंदा मंदावला की दुकानदार पहिला हात आखडतो तो पाटीच्या खर्चात. बाबांच्या ऑर्डरच्या वह्या आमच्याकडे आहेत, तारीख, दुकानाचं नाव, गल्ली, पाटीची साइज, किती पैसे आले किती राहिले. पुढे मी भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमधून प्लॅनिंग शिकून आले तेव्हा लक्षात आलं की ही वही म्हणजे त्या बाजाराचा इतिहास आहे, कुठल्या वर्षी कुठल्या गल्लीत काय उघडलं ते हिच्याइतकं स्पष्ट कुठल्याच सरकारी कागदात मला मिळालं नाही. मधल्या काळात फ्लेक्स आला, ब्रश संपला, भावानं फ्लेक्सची मशीन घेतली आणि त्यावर घर चाललं. आमच्या फर्मची पहिली जागासुद्धा त्याच्या मशीनच्या बाजूलाच होती.

पहिलं काम पाट्यांचंच आलं. मिल एरियातल्या एका कापड बाजाराचं व्यापारी मंडळ म्हणालं की सगळ्या दुकानांना एका रंगाच्या, एका साइजच्या पाट्या लावून द्या, छप्पन दुकानसारखं चकाचक दिसलं पाहिजे. छप्पन दुकान आमच्या शहराची शान आहेच, गाड्या बंद केल्या, बसायला जागा केली आणि संध्याकाळी तिथं जी गर्दी असते ती खरी आहे. पण तिथं सगळी खाण्याची दुकानं एका ओळीत, माणूस खायला येतो, दोन तास थांबतो आणि जातो. कापडाच्या बाजारात बाई येते ती यादी घेऊन, तिला चार ठिकाणी जायचं असतं, आणि ती चार ठिकाणं पंधरा पावलांवर असली तरच ती इथं येते, नाहीतर मॉलमध्ये जाते किंवा घरबसल्या मागवते. म्हणून मी मंडळाला म्हटलं पाट्या करूच, पण आधी मोजू.

मोजायचं म्हणजे काय, तर गल्लीच्या दोन्ही तोंडांशी माणूस बसवायचा, दर तासाला किती लोक आत आले, बायका किती, म्हातारी माणसं किती, पायी आले का ई-रिक्षानं का स्वतःच्या गाडीनं, हातात पिशवी घेऊन बाहेर पडले का रिकामे. इतर वारी वेगळं, शनिवारी वेगळं, लग्नसराईत पुन्हा. मग दुकान दर दुकान यादी, मालकीचं का किरायाचं, पगडीचं का, वर काय आहे, पुढची पिढी बसणार आहे का. हा शेवटचा प्रश्न मी स्वतः विचारते, कारण त्यावर माणूस चहा मागवतो आणि मग खरं बोलतो. मंडळाचे एक ज्येष्ठ सेठजी पहिल्या दिवसापासून एकच सांगायचे, "बेटा, पहले पार्किंग करवा दो, बाकी सब हो जाएगा." मोजणीत निघालं की त्यांच्या गल्लीत येणारे बहुतेक लोक पायी किंवा ई-रिक्षानं येतात, आणि दारासमोर ज्या गाड्या उभ्या असतात त्यातल्या पुष्कळ स्वतः दुकानदारांच्या आणि नोकरांच्या. सेठजींनी आकडे दोनदा बघितले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःची ॲक्टिव्हा लांब लावायला लागले. मला ह्या माणसाबद्दल फार आदर आहे.

आता जे सांगणार आहे ते आमच्या कामाचं मूळ आहे. कापड बाजार एकट्या कापडाच्या दुकानावर चालत नाही. साडी घेतली की ब्लाउजपीसला मॅचिंग सेंटर लागतं, अस्तर लागतं, नेमका रंग नाही मिळाला तर रंगारी लागतो, मग फॉल-पिको, मग लेस-बटण, मग शिंपी, आणि शिंपी जवळ असला तरच बाई माप द्यायला एकदा, ट्रायलला एकदा आणि न्यायला एकदा अशी तीन वेळा बाजारात येते आणि दरवेळी काहीतरी घेऊनच जाते. आमच्या बाजारात वरच्या मजल्यावरचे शिंपी एकेक करून निघून गेले होते, कारण जिने मोडले, पावसात गळायचं, मालक दुरुस्ती करेना कारण किराया जुन्या काळातला आणि किरायेदार करेना कारण जागा त्याची नाही. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, म्हणजे किराया नियंत्रणाचा कायदा, १९६१ चा, त्याच्या सावलीत कितीतरी मजले असेच सडलेत, दोन्ही बाजू कोर्टात आणि मधे छप्पर पडतंय. खालच्या कापडवाल्याला वाटायचं ग्राहकी ऑनलाइननं खाल्ली, थोडी खाल्लीच, पण त्याच्या डोक्यावरचा शिंपी गेला हे त्यानं हिशोबातच घेतलं नव्हतं. बाबांच्या वहीत त्या मजल्यांवरच्या टेलरच्या पाट्या होत्या, त्यावरून आम्ही नकाशा केला, कुठल्या जिन्यावर कोण होतं, आणि तो नकाशा मीटिंगमध्ये भिंतीवर लावला तेव्हा लोक उठून जवळ गेले आणि बोट ठेवून नावं सांगायला लागले.

त्यातून निघाला तो प्लॅनचा पहिला भाग, पाट्या नाही, जिने. किरायेदार दुरुस्ती करणार, खर्च किरायात वळता होणार, मालकाचा हक्क तसाच राहणार, हे वकिलाकडून कागदावर आणलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या. काही जिने झाले, काही मालक अजून तयार नाहीत. जे झाले तिथं शिंपी आलेत, एकीकडे मिलच्या चाळीतल्या बायकांनी मिळून शिलाईचं काम सुरू केलंय, आणि खालच्या मॅचिंगवाल्याची ग्राहकी वाढली हे तो स्वतः सांगतो.

ओटल्यावरच्या लोकांचंही तसंच. फॉल-पिकोवाली, बांगडीवाला, सुई-दोरावाला, ह्यांना अतिक्रमण म्हणून उठवलं की रस्ता दोन दिवस मोकळा दिसतो आणि बाजाराची एक साखळी तुटते. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा सांगतो की सर्व्हे होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि शहराच्या समितीत निदान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच पाहिजेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. हे आम्ही प्रत्येक मंडळाला वाचून दाखवतो. जागा आखून द्या, माल सकाळी अकराच्या आत उतरवा, मधली वाट मोकळी ठेवा, एवढ्यानं बरंच भांडण मिटतं. आणि बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, दार लागणारं बाथरूम, हे आम्ही प्रत्येक प्लॅनमध्ये सगळ्यात वर लिहितो, कारण २०१७ पासून सतत स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरातसुद्धा जुन्या गल्लीत बाई तासाभरात घरी पळते ते ह्याच कारणानं.

इंदूरच्या लोकांना मी नेहमी पॅट्रिक गेडिसबद्दल सांगते. स्कॉटलंडचा हा माणूस होळकर दरबारानं बोलावला आणि १९१८ मध्ये त्यानं इंदूरवर दोन खंडांचा रिपोर्ट दिला. जुनी वस्ती सपाट करून रुंद रस्ते काढण्याच्या तो विरोधात होता, म्हणायचा आधी गल्लीत पायी फिरा, मोजा, कमीत कमी पाडा. प्लेगच्या त्या काळात त्यानं दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं न काढता ज्या गल्ल्या सगळ्यात जास्त साफ आणि दुरुस्त झाल्या तिथून न्यायची असं ठरवलं, आणि सगळ्या गावात घरं आवरायची चढाओढ लागली असं सांगतात. आम्ही हेच आमच्या बाजारात केलं, ज्या गल्लीनं मालाची वेळ पाळली, लाइट लावले, वाट मोकळी ठेवली त्या गल्लीत दिवाळीचा फराळ आणि आकाशकंदिलांचा बाजार भरवायचा. मिल बंद झाल्या तरी अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, अजून निघतात, रात्रभर लोक जागतात, तर आपल्या लोकांना उत्सवाच्या जोरावर कामाला लावता येतं हे नव्यानं शिकायची गरज नाही.

पैशाचा प्रश्न मात्र अवघड. मंडळाची वर्गणी मर्जीवर, देणारे पाच, फायदा घेणारे पन्नास. टोरंटोत ब्लूर स्ट्रीट वेस्टच्या दुकानदारांचं असंच झालं होतं, १९६८ मध्ये खालून सबवे, म्हणजे भुयारी मेट्रो, सुरू झाला, वरून चालणारी माणसं जमिनीखाली गेली, मॉलही आलेच, तेव्हा त्यांनी शहराकडून असा नियम करून घेतला की बहुमतानं ठरलं तर हद्दीतल्या प्रत्येक धंद्यानं ठराविक रक्कम भरायची, शहर ती वसूल करणार आणि मंडळाला परत देणार, खर्च मंडळानं ठरवायचा. १९७० मध्ये ते सुरू झालं आणि पुढे जगभर ही पद्धत गेली. आमच्याकडे राजवाड्याच्या जुन्या बाजाराखालून मेट्रो न्यायची योजना आहे, व्यापाऱ्यांचा विरोध आणि भीती दोन्ही मला समजतात, पण मी म्हणते की खोदकाम सुरू व्हायच्या आधी आपली आजची ग्राहकी मोजून ठेवा, नाहीतर नुकसान झालं हे दाखवणार कशानं?

सध्या आमच्या मिल एरियातल्या मंडळानं ऐच्छिक पण लेखी फंड केलाय, दर महिन्याला हिशोब दुकानांच्या ग्रुपवर टाकतात, आणि ओटल्यावरची फॉल-पिकोवाली ताई त्या कमिटीत आहे. एका ऑफिसात आमचा पार्किंगचा प्रस्ताव अजून फाइलमध्ये आहे, पाठपुरावा चालू आहे. पाट्याही झाल्या, पण एकसारख्या नाही, प्रत्येकाचं जुनं अक्षर ठेवून, आणि काही बाबांनी वयाच्या ह्या टप्प्यावर पुन्हा ब्रशनं रंगवल्या.

कुणाच्या बाजाराचं मंडळ आमच्याकडे येणार असेल तर दोन गोष्टी आधीच करून या, सगळ्या दुकानांची, वरच्या मजल्यांसकट आणि ओटल्यांसकट, हातानं का होईना एक यादी, आणि मीटिंगला किरायेदार, शिंपी, ठेलेवाले ह्यांनाही बोलावणं. मोजणीचे सगळे कागद आम्ही मंडळाकडेच देतो, पुढच्या वर्षी तुम्ही स्वतः मोजू शकाल असे फॉर्म मराठीत आणि हिंदीत करून. फी हप्त्यानं चालते, पहिली मीटिंग आम्ही तुमच्याच बाजारात येऊन घेतो, दुपारी दोन ते चार, जेव्हा ग्राहकी थोडी सुस्त असते.