एलटीटीएनजी सोर्समधून बिल्ड करताना: क्रम, जोड्या आणि अडणाऱ्या जागा

एलटीटीएनजी हे लिनक्सवर कर्नल आणि प्रोग्रॅम काय करतायत याची नोंद, म्हणजे ट्रेस, घेणारं साधन. उबुंटू किंवा डेबियनवर त्याची तयार पॅकेजेस मिळतात आणि बहुतेकांना ती पुरतात. सोर्समधून बिल्ड करायची वेळ येते ती ठरावीक प्रसंगी. कर्नल स्वतः कंपाइल केलेला असतो, किंवा डिस्ट्रिब्युशनच्या पॅकेजपेक्षा नवा असतो. कधी एम्बेडेड बोर्डासाठी क्रॉस-कंपाइल करायचं असतं, तर कधी ट्रेसरच्याच कोडमध्ये काही तपासायचं असतं. यातलं काहीच लागू नसेल तर पॅकेज वापरा, तेच शहाणपणाचं आहे. लागू असेल तर हे काम अवघड नाही. फक्त ते क्रमानं करावं लागतं, आणि पुढच्या भागाला हात घालण्याआधी मागचा भाग खरोखर चालतोय का हे पाहावं लागतं. सगळे भाग एका दमात कंपाइल केले आणि शेवटी ट्रेस रिकामा आला, तर दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यात बिल्डपेक्षा जास्त वेळ जातो.

थोडी पार्श्वभूमी. एलटीटीएनजी ही करीम याघमूर यांच्या जुन्या लिनक्स ट्रेस टूलकिटनंतरची पुढची पिढी. माथ्यू देनवाये यांनी २००५ मध्ये मॉन्ट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये ती सुरू केली. कर्नलमधले ट्रेसपॉइंट (कोडमधल्या नोंद घेण्याच्या ठरलेल्या जागा) हेही त्यांचंच काम, कर्नल २.६.२८ मध्ये आलेलं. एलटीटीएनजीची २.० आवृत्ती २०१२ ची. आज एफिशिओस ही कंपनी प्रकल्पाची देखभाल करते. प्रत्येक आवृत्तीला क्वेबेकमधल्या एखाद्या बिअरचं नाव मिळतं, २.१३ चं नाव नोर्डिसिते. खाली जे लिहिलंय ते याच २.१३ मालिकेला धरून.

भाग पाच आहेत. लिबयूआरसीयू ही पायाभूत लायब्ररी. एलटीटीएनजी-यूएसटी यूझरस्पेसमधल्या प्रोग्रॅमचा ट्रेस घेते. एलटीटीएनजी-टूल्समध्ये सेशन डिमन, कन्झ्युमर डिमन (मागे सतत चालणारे प्रोग्रॅम; पहिला ट्रेसिंग सांभाळतो, दुसरा गोळा झालेला डेटा लिहितो) आणि आपण टाइप करतो ती एलटीटीएनजी कमांड. एलटीटीएनजी-मॉड्यूल्स म्हणजे कर्नलचा ट्रेसर. आणि गोळा झालेला ट्रेस वाचण्यासाठी बेबलट्रेस २. पहिले तीन याच क्रमानं बिल्ड करायचे, कारण यूएसटीला लिबयूआरसीयू लागते आणि टूल्सना दोन्ही लागतात. मॉड्यूल्स आणि बेबलट्रेस स्वतंत्र आहेत, कधीही करा. यूएसटी, टूल्स आणि मॉड्यूल्स हे तिन्ही मात्र एकाच मालिकेचे घ्या. २.१३ च्या टूल्सना २.१२ ची यूएसटी जोडायचा प्रयत्न करू नका. २.१३ नंतरचा तिसरा आकडा वेगळा असला तरी चालतो.

सोर्स प्रकल्पाच्या साइटवरच्या टारबॉलमधून घ्यावा असं माझं मत आहे. गिटमधून घेतला तर आधी बूटस्ट्रॅप स्क्रिप्ट चालवावी लागते. त्यासाठी ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल हवेत, आणि मॅन पेज बनवायची तर अ‍ॅस्कीडॉक आणि एक्सएमएलटूही. टारबॉलमध्ये कन्फिगर स्क्रिप्ट आणि मॅन पेज तयार असतात. सोबतच्या जीपीजी सहीची पडताळणीही करून घ्या. यातली मॉड्यूल्स रूट म्हणून कर्नलमध्ये जाणार आहेत, तिथे आळस परवडत नाही.

कर्नल मॉड्यूल्स

सगळ्यात जास्त अडचणी इथेच येतात, म्हणून हा भाग आधी करावा. लागतात फक्त कंपायलर, मेक आणि चालू कर्नलच्या हेडर फाइल्स. इथे कन्फिगर नाही. सोर्सच्या डिरेक्टरीत मेक, मग सुडोसह मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल, मग सुडोसह डेपमॉड आणि त्याला ए हा पर्याय. कर्नलचा सोर्स दुसरीकडे असेल तर मेक चालवताना कर्नलडिर या व्हेरिएबलमध्ये त्याचा मार्ग द्यायचा.

मेकनं पहिल्याच ओळीत ‘बिल्ड’ नावाची डिरेक्टरी सापडत नाही अशी तक्रार केली, तर हेडर पॅकेज बसवलेलं नाही किंवा वेगळ्या आवृत्तीचं आहे. यूनेम कमांड आर पर्यायासह चालू कर्नलची जी आवृत्ती दाखवते नेमकं त्याच नावाचं हेडर पॅकेज हवं. कर्नल अपडेट झालाय पण मशीन रीबूट झालेलं नाही, अशा वेळी ही गफलत हमखास होते. चालू असतो जुना कर्नल, हेडर येतात नव्याचे. मग कर्नलडिरमध्ये नव्या हेडरचा मार्ग दिला तर मॉड्यूल कंपाइल होतं, पण लोड होताना चालू कर्नल त्याला नाकारतो.

कर्नलच्या कन्फिगमध्ये मॉड्यूल्स, केऑलसिम्स, हाय-रेझ टायमर्स आणि ट्रेसपॉइंट्स चालू असावे लागतात. सिस्टिम कॉल, पर्फ काउंटर, केप्रोब (चालू कर्नलमध्ये हवी तिथे नोंदीची जागा घालण्याची सोय) वगैरे हवे असतील तर त्यांचे पर्यायही. एक गोष्ट स्वतःचा कर्नल बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: ५.७ पासून कर्नलनं केऑलसिम्स-लुकअप-नेम हे फंक्शन मॉड्यूल्सना देणं बंद केलं. एलटीटीएनजी ते आता केप्रोबच्या मदतीनं शोधतं. म्हणून ५.७ आणि पुढच्या कर्नलवर केप्रोब्सचा पर्याय ऐच्छिक राहिलेला नाही. कर्नल लहान करण्याच्या नादात तो काढून टाकलेला असतो आणि कारण कळत नाही.

कंपाइल करतानाच एरर आली आणि ती इन्स्ट्रुमेंटेशनच्या एखाद्या हेडर फाइलमधली असली, तर जवळजवळ नेहमीच कर्नल तुमच्या मॉड्यूल्सच्या सोर्सपेक्षा नवा असतो. एलटीटीएनजी कर्नलमधल्या ट्रेसपॉइंटच्या व्याख्यांची स्वतःची प्रत ठेवतं आणि प्रत्येक व्याख्या कोणत्या कर्नलपासून कोणत्या कर्नलपर्यंत लागू हे त्यात नोंदलेलं असतं. कर्नलमध्ये एखाद्या ट्रेसपॉइंटचा एक आर्ग्युमेंट बदलला की ही प्रत जुनी ठरते. अशा वेळी हेडर हातानं दुरुस्त करू नका. त्याच मालिकेची सगळ्यात ताजी आवृत्ती उतरवा. नव्या कर्नलसाठीच्या दुरुस्त्या त्यात येत राहतात.

बिल्डच्या वेळी दिसणारे काही इशारे मात्र निरुपद्रवी असतात. व्हीएमलिनक्स नसल्यामुळे बीटीएफ वगळलं, हा त्यातला एक. बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टिमचा प्रोब बंद केला, असाही संदेश येतो, कारण त्या प्रोबला कर्नलच्या आतल्या हेडर लागतात आणि त्या हेडर पॅकेजमध्ये नसतात. तो प्रोब हवाच असेल तर कर्नलडिरमध्ये पूर्ण कर्नल सोर्सचा मार्ग द्या. कंपायलर वेगळा आहे हा इशारा जीसीसीच्या किरकोळ फरकानं आला तर सोडून द्या. पण कर्नल क्लँगनं बांधलेला असेल तर मेकला एलएलव्हीएम बरोबर १ असं सांगावंच लागतं.

आता तपासणी. सुडोसह मॉडप्रोब करून एलटीटीएनजी-ट्रेसर लोड करा आणि डीमेसेज पाहा. मॉड्यूल्स लोड झाल्याची ओळ आवृत्तीच्या आकड्यासह दिसली की हा भाग झाला. आउट-ऑफ-ट्री मॉड्यूलमुळे कर्नल टेंटेड झाला ही ओळही दिसेल, तिचं काही करायचं नाही. चावी उपलब्ध नाही किंवा चावी नाकारली अशी एरर आली तर सिक्युअर बूट (सही नसलेला कोड लोड होऊ न देणारी सोय) चालू आहे. एक तर ते फर्मवेअरमधून बंद करा, नाहीतर स्वतःची चावी बनवून एमओकेयूटिलनं नोंदवा, रीबूट करून मंजूर करा आणि कर्नल सोर्समधल्या साइन-फाइल या साधनानं प्रत्येक मॉड्यूलवर सही करा. ऑफिसच्या मशीनवर दुसराच मार्ग योग्य.

आणि हे सगळं कर्नल बदलला की पुन्हा करावं लागतं. डिस्ट्रिब्युशनचं डीकेएमएस पॅकेज हे आपोआप करतं. सोर्समधून बसवलं की ती जबाबदारी तुमची.

यूझरस्पेसचे तीन भाग

डेबियन वर्गातल्या सिस्टिमवर बिल्ड-एसेन्शियल, पीकेजी-कॉन्फिग, फ्लेक्स, बायसन आणि पॉप्ट, लिबएक्सएमएल२, यूयूआयडी, न्यूमा, केमॉड यांची डेव्ह पॅकेजेस आधी बसवा. न्यूमा यूएसटीला लागतं; छोट्या बोर्डावर नको असेल तर डिसेबल-न्यूमा द्या. केमॉड ऐच्छिक आहे.

तिन्हींची कृती सारखीच: कन्फिगर, मेक, सुडोसह मेक इन्स्टॉल आणि सुडोसह एलडीकॉन्फिग. शेवटची पायरी लोक विसरतात. ती लिबयूआरसीयूनंतर एकदा, यूएसटीनंतर एकदा आणि टूल्सनंतर एकदा, अशी प्रत्येक वेळी करायची. नाहीतर सगळं बसल्यावर एलटीटीएनजी कमांड म्हणते की लिबएलटीटीएनजी-सीटीएल ही शेअर्ड लायब्ररी सापडत नाही. फेडोरा आणि रेड हॅटच्या वर्गात एलडीकॉन्फिग चालवूनही हेच होतं, कारण तिथे /यूएसआर/लोकल/लिब लोडरच्या यादीत नसतं. /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये त्या मार्गाची एक छोटी फाइल टाका आणि एलडीकॉन्फिग पुन्हा चालवा. एलडी-लायब्ररी-पाथ व्हेरिएबलनंही भागतं, पण सुडो ते व्हेरिएबल पुढे नेत नाही आणि मग कमांड साध्या यूझरला चालते, रूटला नाही.

मी /ऑप्ट खाली वेगळी डिरेक्टरी देऊन, म्हणजे प्रीफिक्स वापरून बसवण्याच्या बाजूचा आहे. काढून टाकणं सोपं जातं आणि डिस्ट्रिब्युशनच्या फाइल्सशी सरमिसळ होत नाही. मात्र मग यूएसटी आणि टूल्स कन्फिगर करण्याआधी पीकेजी-कॉन्फिग-पाथमध्ये त्या प्रीफिक्सखालचं लिब/पीकेजीकॉन्फिग द्यावं लागतं. ते दिलं नाही तर दोन शक्यता. कन्फिगर यूएसटी सापडली नाही म्हणून थांबेल, हे बरं. किंवा सिस्टिममध्ये पॅकेजमधून आलेली जुनी यूएसटी त्याला सापडेल, तो तिच्याशी जोडला जाईल आणि काहीच बोलणार नाही. हे वाईट. म्हणून कन्फिगरनं शेवटी छापलेला गोषवारा वाचा आणि टूल्स बसल्यावर सेशन डिमनच्या बायनरीवर एलडीडी चालवून लायब्ररी कुठून येतायत ते पाहा. सगळ्यात सुरक्षित म्हणजे बिल्डच्या आधीच जुनी पॅकेजेस काढून टाकणं.

फक्त कर्नल ट्रेस करायचा असेल तर यूएसटी पूर्ण वगळता येते. टूल्सना विदाउट-एलटीटीएनजी-यूएसटी द्या. जावा किंवा पायथनचे लॉग ट्रेसमध्ये हवे असतील तर यूएसटीच्या कन्फिगरला त्या-त्या एजंटचा पर्याय द्यावा लागतो, आपोआप ते बनत नाहीत. लॉगफोरजेसाठी त्याची जार फाइल क्लासपाथमध्ये असावी लागते. ६४ बिट मशीनवर ३२ बिट प्रोग्रॅम ट्रेस करायचे असतील तर तिन्ही भाग दोनदा बांधावे लागतात आणि ६४ बिट टूल्सना ३२ बिट कन्झ्युमर डिमनचा मार्ग कन्फिगरमध्ये सांगावा लागतो. गरज नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

२.१२ वरून येणाऱ्यांसाठी: २.१३ मध्ये यूएसटीच्या लायब्ररीच्या एसओनेममधला, म्हणजे लोडर तिला ओळखतो त्या नावातला, आकडा शून्यावरून एकवर गेला. जुन्या यूएसटीवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम जुनीच लायब्ररी मागतो. म्हणून तुमचे ट्रेसपॉइंट प्रोव्हायडर आणि प्रोग्रॅम नव्या हेडरवर पुन्हा कंपाइल करा.

चालवून पाहणं

कर्नल ट्रेसिंगला रूटचा सेशन डिमन लागतो. साध्या यूझरनं एलटीटीएनजी क्रिएट दिलं की त्याच्या नावानं वेगळा डिमन उभा राहतो आणि कर्नल इव्हेंट चालू करताना कर्नल ट्रेसर उपलब्ध नाही असं उत्तर मिळतं. मॉड्यूल्स नीट असूनही. उपाय: ट्रेसिंग नावाचा ग्रुप बनवा, यूझर त्यात घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, आणि सुडोसह सेशन डिमन डिमनाइज पर्यायानं सुरू करा. मगच क्रिएट, मग एनेबल-इव्हेंटमध्ये कर्नल आणि शेड-स्विच (सीपीयू एका कामावरून दुसऱ्यावर गेल्याचा इव्हेंट), मग स्टार्ट, काही सेकंदांनी स्टॉप आणि डिस्ट्रॉय. ट्रेस होम डिरेक्टरीतल्या एलटीटीएनजी-ट्रेसेस मध्ये येतो.

यूएसटीसाठी सोर्समधल्या डॉक/एक्झाम्पल्स मध्ये ईझी-यूएसटी आहे. ते मेक करून चालवा आणि ते चालू असतानाच दुसऱ्या टर्मिनलमध्ये एलटीटीएनजी लिस्ट यूझरस्पेस द्या. यादीत प्रोग्रॅम दिसला नाही तर एलटीटीएनजी-यूएसटी-डीबग हे व्हेरिएबल १ करून तो पुन्हा चालवा. तो कोणत्या सॉकेटला जोडायला पाहतोय ते स्पष्ट छापून येतं. बहुतेकदा प्रोग्रॅम एका यूझरचा आणि डिमन दुसऱ्याचा असतो. फोर्क करून एक्झेक न करणाऱ्या, म्हणजे स्वतःची प्रत काढून तीच पुढे चालवणाऱ्या, प्रोग्रॅमला लिबएलटीटीएनजी-यूएसटी-फोर्क प्रीलोड करावी लागते. कंटेनरमध्ये आणखी एक जागा: यूएसटीचे बफर शेअर्ड मेमरीत असतात आणि डॉकरमध्ये /डेव्ह/एसएचएम मुळात ६४ एमबीच मिळतं. ते वाढवून द्या.

बेबलट्रेस २ ला ग्लिब लागतं. डीबग-इन्फोसाठी एल्फयूटिल्सचं लिबडीडब्ल्यू हवं. ते नसेल तर डिसेबल-डीबग-इन्फो द्या. पायथन बाइंडिंग मुळात बंद असतात, हवी असतील तर स्विग बसवून कन्फिगरला सांगा. ट्रेसचं विश्लेषण स्क्रिप्टनं करणार असाल तर ती आत्ताच चालू करून घ्या.

ट्रेस वाचताना काही इव्हेंट टाकून दिल्याचा इशारा आला तर बिल्डमध्ये काही चुकलेलं नाही. बफर भरला की एलटीटीएनजी प्रोग्रॅमला थांबवत नाही, नवे इव्हेंट सोडून देतं. चॅनल स्वतः बनवून सबबफरचा (बफरच्या समान तुकड्यांचा) आकार आणि संख्या वाढवा, पण हिशेब प्रत्येक सीपीयूमागे धरा: १ एमबीचे ८ सबबफर ८ सीपीयूवर म्हणजे ६४ एमबी मेमरी. त्याआधी खरंच सगळे इव्हेंट हवेत का ते बघा. शेड-स्विच आणि दोन-चार सिस्टिम कॉल पुरत असतील, तर सगळे सिस्टिम कॉल चालू ठेवून बफर फुगवत बसण्यात अर्थ नाही.